ऑपरेशनच्या टेबलावर चढवलेलं पांढरं सलाईन नक्की काय असतं?

मुचकुंदी
माझे मोठे दीर आंबे काढताना झाडावरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. आमच्या जिल्ह्यातल्याच एका खासगी दवाखान्यात प्लेट घालायचं ठरलं. पूर्ण भूल नको, नुसता हात बधिर करू, असं डॉक्टर म्हणाले. खांद्याजवळ, गळ्याच्या हाडाच्या वर सुई दिली. थोड्या वेळात भाऊजी म्हणायला लागले की तोंडाला लोखंडाची चव येतेय, कानात गुंई गुंई होतंय. मग जीभ जड झाली आणि एकदम झटके आले. आम्ही बाहेर बाकड्यावर होतो, हे सगळं मागाहून कळलं. आम्हाला दिसलं ते एवढंच की सिस्टर धावत गेल्या आणि पांढरीशुभ्र बाटली घेऊन आत शिरल्या.

भाऊजी आता ठणठणीत आहेत. प्लेटही नंतर पूर्ण भूल देऊन बसवली. डॉक्टरांनी सांगितलं की बधिर करायचं औषध रक्तात जास्त गेलं, त्यावर उतारा म्हणून फॅटचं सलाईन दिलं. पण आमच्या जाऊबाईंनी वाडीत "ह्यांना दूध चढवलं" असं सांगितलंय आणि आता जो तो येऊन आपापलं ज्ञान देऊन जातोय. एकाच्या मते आता हृदयाच्या नसा तुंबणार. दुसरा म्हणतो डॉक्टरांनी चूक झाकायला काहीतरी चढवलं.

इथे डॉक्टर मंडळी आहेत म्हणून विचारते. असा उतारा खरंच असतो का? चरबी शिरेतून देतात? आणि वर्ष-दोन वर्षांनी प्लेट काढायची झाली तर हात पुन्हा बधिर करू द्यायचा की नाही?

औषधवाला
असतो. त्या बाटलीत २० टक्के लिपिड इमल्शन असणार. सोयाबीनचं तेल, ते पाण्यात मिसळून राहावं म्हणून अंड्याच्या बलकातलं फॉस्फोलिपिड, आणि थोडं ग्लिसरीन. मूळ उपयोग वेगळाच आहे. ज्यांना तोंडाने खाता येत नाही असे आयसीयूतले पेशंट, वेळेआधी जन्मलेली बाळं, यांना शिरेतून पोषण म्हणून देतात. स्वीडनच्या आर्विद व्रेटलिंड यांनी ते तयार केलं, १९६२ पासून वापरात आहे. इंट्रालिपिड हे त्यातलं सगळ्यात जुनं नाव.

अर्धवटराव
अंडं आहे त्यात? जाऊबाई माळकरी असतील तर हा धागा त्यांना दाखवू नका. "दूध" हेच बरं आहे.

मुचकुंदी
@अर्धवटराव, जाऊबाई नाहीत, पण सासूबाई आहेत. 😄

भुलीचा_डॉक्टर
मुचकुंदीताई, तुम्ही लिहिलेलं वर्णन आमच्या पुस्तकातल्या क्रमाने आलंय. तोंडात धातूची चव, कानात आवाज, जीभ बधिर, मग झटके. याच्या पुढची पायरी म्हणजे हृदयाचे ठोके बिघडणं आणि ते थांबणं. तुमच्या दवाखान्यात झटक्यांवरच ओळखलं आणि बाटली हाताशी होती. त्यामुळे चूक झाकली वगैरे बोलणाऱ्यांना चहा पाजून परत पाठवा.

हात बधिर करायला बहुतेक वेळा ब्युपिव्हॅकेन वापरतात. काम छान करतं, तासन्‌तास टिकतं. वाईट गोष्ट ही की ते हृदयाच्या पेशींतल्या सोडियमच्या वाटा अडवतं आणि तिथून लवकर सुटत नाही. अशा वेळी हृदयाला द्यायचा नेहमीचा मसाज (छाती दाबणं), नेहमीची औषधं, सगळं करूनही हृदय उठत नाही. बधिर करताना अशी हृदयं बंद पडतात, हे अल्ब्राइट नावाच्या भूलतज्ज्ञाने १९७९ मध्येच लिहून ठेवलं होतं. उतारा मिळायला पुढची वीस-पंचवीस वर्षं गेली.

तो मिळाला तोही उलट्या रस्त्याने. शिकागोचे गाय वाइनबर्ग यांच्यासमोर एक पेशंट आली होती, शरीरात कार्निटिन कमी असलेली. तिच्या हृदयाने ब्युपिव्हॅकेनच्या अगदी थोड्या डोसने गडबड केली. कार्निटिनचा संबंध चरबी जाळण्याशी, म्हणून त्यांना वाटलं की रक्तात चरबी वाढवली तर हे औषध आणखी विषारी ठरेल. उंदरांवर करून पाहिलं तर नेमकं विरुद्ध! चरबी दिलेल्या उंदरांचं हृदय बंद पाडायला जास्त औषध लागलं. हा पेपर १९९८ चा. २००३ मध्ये कुत्र्यांवर केलं. दहा मिनिटं मसाज करूनही न उठलेली हृदयं लिपिड दिल्यावर चालू झाली. नुसतं मिठाच्या पाण्याचं सलाईन दिलेल्यांपैकी एकही वाचलं नाही. २००६ मध्ये न्यूयॉर्कला ५८ वर्षांच्या एका माणसाचं खांद्याच्या ऑपरेशनआधी हृदय थांबलं. वीसेक मिनिटं सगळे प्रयत्न फसले, हार्ट-लंग मशीनची तयारी चालू होती, तेव्हा १०० मिली इंट्रालिपिड दिलं आणि ठोके परत आले. माणसावर वापरल्याची छापून आलेली ती पहिली केस.

कसं चालतं ते सांगतो. माशाच्या तिखल्यात मिरचीचा रंग पाण्यात न राहता वर तेलाच्या तवंगात उतरतो, ते सगळ्यांनी पाहिलंय. ब्युपिव्हॅकेनही असंच तेलाकडे ओढ घेणारं आहे. रक्तात अचानक तेलाचे बारीक थेंब आले की हृदयातलं आणि मेंदूतलं औषध त्यांच्याकडे खेचलं जातं आणि तिथून स्नायूंकडे, यकृताकडे वाहून नेलं जातं. शिवाय हृदयाचं आवडतं इंधन चरबीच आहे, त्याचाही थोडा हात असावा.

नसा तुंबण्याबद्दल: हे थेंब लाल पेशीपेक्षा कितीतरी लहान असतात. पोटभर जेवल्यावर आपल्या रक्तात चरबीचे जे कण फिरतात, साधारण तेवढे. तुमच्या भाऊजींच्या शरीरातून ते केव्हाच निघून गेले.

कुडाळचो_झील
डॉक्टरानू, माका एक सांगा. फुरसा चावला तर ह्या चलतला काय? आमच्याकडे पावसात वाटेर फुरशी आसतत.

भुलीचा_डॉक्टर
नाही चालणार. सापाचं विष म्हणजे प्रथिनं, ती तेलाकडे जात नाहीत. फुरसं, घोणस, नाग, मण्यार, या चौघांवर आपल्याकडे एकच अँटीव्हेनम आहे. ते जिथे मिळतं तिथे सरळ जायचं. मांत्रिक नको, चिरा नको, दोरी आवळणं नको.

कुडाळचो_झील
आणि माझी आजी सांगी, इख घेतलेल्याक खोबऱ्याचा तेल पाजूचा. मगे ती बरोबरच होती म्हणायची! तेल ता तेल.

अतिदक्ष
अजिबात बरोबर नाही, आणि ही समजूत घेऊन कोणी धागा सोडून जाऊ नये म्हणून जरा जोरात लिहितो. (मूळचा दापोलीचा, सध्या मुंबईत आयसीयूत असतो.)

शिरेतलं तेल आणि पोटातलं तेल यांचं काम एकमेकांच्या विरुद्ध आहे. शिरेत दिलेलं लिपिड अवयवात शिरलेलं औषध ओढून काढतं. पोटात तेल, तूप, दूध गेलं तर तेलात विरघळणारं विष आतड्यातून आणखी जोरात रक्तात शिरतं. उंदीर मारायची पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट घ्या. तिच्यावर तेल-तूप पाजणं म्हणजे विषाला वाट करून देणं. त्यात ही पेस्ट फसवी. पहिल्या दिवशी पेशंट बरा वाटतो, नातेवाईक घरी घेऊन जातात, आणि दोन-तीन दिवसांनी यकृत बंद पडायला लागतं. तिला नेमका उतारा कुठलाच नाही, म्हणून बरा दिसला तरी दवाखान्यातून हलवायचा नाही. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला काहीही पाजलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं, ते वेगळंच. ओकाऱ्या काढायला मिठाचं पाणी पाजणंही बंद करा.

आणखी एक. हे वाचून कोणी घरचं तेल सुईने टोचण्याचा विचारही करू नये. नुसतं तेल शिरेत गेलं तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या बंद होऊन माणूस जातो. त्या बाटलीतलं तेल बारीक थेंब करून, निर्जंतुक करून भरलेलं असतं.

दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेच्या माहितीचं केंद्र चोवीस तास चालू असतं, १८०० ११६ ११७. तिथे डॉक्टरही फोन करतात आणि घरचेही करू शकतात. आधी १०८ ला फोन, मग हा.

कुडाळचो_झील
बरा बाबा, आजीक सांगतंय. ती ऐकतली काय ता माका ठावक नाय.

हापूसबाग
आमच्या देवगडकडे मोहोराच्या दिवसांत फवारणीनंतर गडी घरी येऊन चक्कर, घाम, तोंडाला लाळ, असं दर हंगामात कुठे ना कुठे होतं. तिथे हे सलाईन द्यायला हवं का? औषध तेलकटच असतं की.

अतिदक्ष
लाळ, घाम, बाहुल्या बारीक, छातीत घरघर, ही सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या कीटकनाशकांची लक्षणं. त्याला उतारा म्हणून ॲट्रोपिन आणि पाम ही इंजेक्शनं, आणि गरज पडली तर व्हेंटिलेटर. लिपिडचे प्रयोग त्यावर झालेत, कुठे कुठे फायदा झाल्याचंही लिहिलंय, पण पहिलं औषध म्हणून कोणी देत नाही. गड्याचे कपडे आधी काढा, साबण लावून अंग आणि केस धुवा, आणि डबा सोबत आणा. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. उताराही तिथेच छापलेला असतो. "काय फवारलं?" विचारलं की "पांढरं औषध" एवढंच उत्तर मिळतं, तेव्हा आमचा अर्धा तास जातो.

जुनाखडक
अवांतर होईल, पण कोकणात उताऱ्याचा विषय निघाला आणि महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आठवले नाहीत असं होणार नाही. लाल विंचू चावला की आमच्या लहानपणी घरात रडारड सुरू व्हायची. बावस्करांनी बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात बसून पाहिलं की माणूस फुप्फुसात पाणी होऊन जातोय, आणि रक्तदाबाची प्रॅझोसिनची गोळी देऊन तो वाचतोय. 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. दुसऱ्याच कामाचं औषध कपाटात होतं, ते त्यांनी विंचवावर आणलं. भुलीचा_डॉक्टर यांची शिकागोची गोष्ट वाचताना हेच डोक्यात होतं.

भुलीचा_डॉक्टर
जुनाखडक, वा. फरक एवढाच की वाइनबर्गकडे उंदीर होते आणि बावस्करांकडे रात्री दोन वाजता दारात उभी असलेली माणसं.

म्यांव_भुंक_मालवण
पशुवैद्य बोलतेय. आमच्याकडे हे सलाईन माणसांच्या डॉक्टरांपेक्षा जास्त प्रकारच्या विषांवर वापरलं जातं, बहुतेकांना ठाऊक नसतं. कुत्र्याच्या गोचीडांसाठी मानेवर टाकायचे थेंब येतात, काहींत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. लोक तेच मांजरावर टाकतात. मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही, थरथर सुरू होते, झटके येतात. अंघोळ, झटक्यांची औषधं आणि सोबत लिपिड. कुत्र्यांत आयव्हरमेक्टिन (जंतांचं औषध) जास्त झालं तरी देऊन बघतो. तेव्हा घरी दोन्ही प्राणी असतील तर कुत्र्याची औषधं मांजराला नकोत, कितीही कमी घातली तरी.

अर्धवटराव
आमचं मांजर दूध पितं, आता ते शिरेतूनही घेणार म्हणता. लाडावलंय.

रक्तनमुना
लॅबवाल्यांच्या वतीने एक तक्रार. हे सलाईन चालू झाल्यावर रक्त काढून पाठवतात आणि आमच्याकडे नळीत वर पांढरा थर येतो. हिमोग्लोबिन खोटं जास्त दाखवतं, सोडियम खोटं कमी दाखवतं, निम्म्या तपासण्या मशीन नाकारतं. मग फोन येतो की लॅबने घोळ घातला. शक्य असेल तर लिपिडच्या आधी एक नळी भरून ठेवा, आणि नंतरच्या नळीवर "लिपिड दिलंय" असं लिहा. दोन शब्द फक्त.

अतिदक्ष
+१ रक्तनमुना. आता भुलीच्या डॉक्टरांशी थोडं भांडतो. तुमचा प्रतिसाद वाचून लोकांना वाटेल की हे रामबाण आहे. २००८ मध्ये १७ वर्षांच्या एका मुलीची केस आली, ब्युप्रोपियॉन (नैराश्यावरची) आणि लॅमोट्रिजिनच्या (फिटवरच्या) गोळ्या घेतलेल्या, सत्तरेक मिनिटांच्या मसाजनंतर लिपिडने हृदय चालू झालं. त्यानंतर जगभर जो तो कुठल्याही गोळ्यांवर लिपिड द्यायला लागला. रक्तदाबाच्या गोळ्या, नैराश्याच्या गोळ्या, मलेरियाच्या गोळ्या. वाचले त्यांच्या केस छापून आल्या, गेले त्यांच्या कोण छापतो? २०१६ मध्ये विषशास्त्रज्ञांच्या गटाने सगळे पुरावे चाळले, तेव्हा ठाम शिफारस करण्याजोगी जागा ब्युपिव्हॅकेनने थांबलेलं हृदय हीच उरली. बाकी बहुतेक ठिकाणी "हवं तर द्या" किंवा "पहिल्या फेरीत नको".

तोंडाने घेतलेल्या गोळ्यांत आणखी एक गोची आहे. गोळी अजून आतड्यात असताना रक्तात तेल सोडलं तर आतड्यातून ती जास्त ओढली जाते, असं प्राण्यांच्या प्रयोगांत दिसलंय. स्वादुपिंडाला सूज येणं, फुप्फुस बिघडणं, डायलिसिसचं फिल्टर तुंबणं, हे मी स्वतः पाहिलंय. अमलोडिपिन ही रक्तदाबाची गोळी जास्त झाली तर मी आधी कॅल्शियम आणि इन्सुलिनच्या मोठ्या डोसकडे जातो. लिपिड सगळ्यात शेवटी, हात टेकल्यावर.

भुलीचा_डॉक्टर
भांडण मान्य, कारण आपण दोघं एकच बोलतोय. माझं क्षेत्र तेवढी एक जागा आहे, आणि तिथे २०२३ च्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या सूचनाही लिपिड द्याच म्हणतात. गोळ्यांच्या बाबतीत तुमचं ऐकतो.

माझा मुद्दा निराळा आहे. ही एक जागा नेमकी आपल्या तालुक्यांत आहे. हात-पाय बधिर करून ऑपरेशनं लांज्यापासून सावंतवाडीपर्यंत रोज होतात. पाठीतून देतात त्या इंजेक्शनात औषध दोन-तीन मिली, तिथे हा धोका जवळपास नाही. पण हाताच्या ब्लॉकला, म्हणजे नसांजवळ सुई देऊन हात बधिर करायला, वीस-तीस मिली जातं. अर्ध्या टक्क्याच्या औषधात मिलीला ५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला मर्यादा साधारण १२० ते १५० मिलिग्रॅम, म्हणजे तीस मिलीत आपण काठावर. सोनोग्राफीने शिरा पाहत, पाच-पाच मिली देत, मध्ये पिस्टन मागे ओढून बघत धोका कमी होतो, संपत नाही. मग ज्या खोलीत ब्लॉक देतात त्या खोलीत बाटली का नसावी? तुमच्यापैकी किती ठिकाणी आहे?

औषधवाला
आमच्या दुकानातून तीन-चार दवाखाने घेतात. एकेक १०० मिलीची बाटली. खपत नाही, मुदत संपते, परत करतात. खरं तर त्यांना मीच सांगतो की एक ठेवा.

भुलीचा_डॉक्टर
आणि तिथेच घोळ आहे. पहिला डोस किलोला दीड मिली, म्हणजे ६० किलोला ९० मिली, मिनिट-दोन मिनिटांत. मग दर मिनिटाला किलोमागे पाव मिली, म्हणजे १५ मिली. हृदय उठलं नाही तर पहिला डोस पुन्हा. कमाल मर्यादा किलोला १२ मिली, म्हणजे ७२० मिली. १०० मिलीची बाटली दुसऱ्या मिनिटाला संपेल आणि मग चिपळूणला माणूस पाठवायचा, हायवेची कामं बघत! किमान अर्धा लिटर हवं, लिटर असेल तर उत्तम.

मागे एका तरुण सहकाऱ्याने विचारलं होतं, पूर्ण भुलीचं औषध प्रोपोफॉलही पांढरं, तेही चरबीतच असतं, ते नाही का चालणार? तर नाही. ते १० टक्क्यांचं, म्हणजे तेवढ्याच चरबीसाठी १८० मिली लागेल आणि त्यासोबत १८०० मिलिग्रॅम प्रोपोफॉल जाईल. थांबू पाहणारं हृदय त्यानेच पुरतं थांबेल.

औषधवाला
पटलं. पण खर्च कोण करणार? छोट्या दवाखान्याला वर्षाला दोन-तीन बाटल्या मुदत संपून फेकायच्या म्हणजे जिवावर येतं. आणि ठेवायची कुठे, २५ अंशांच्या आत हवी, गोठता कामा नये. मे महिन्यात आमच्याकडे वीज कधी असते ते तुम्हाला माहीत आहे. निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस अंधार होता. २०२१ च्या पुरात तर अख्ख्या बाजारपेठेबरोबर माझा खालचा सगळा माल गेला. बाटलीत तेलाचा थर वेगळा दिसला तर ती वापरायची नाही, हे तरी सगळ्यांना सांगतो.

म्यांव_भुंक_मालवण
एक सुचवू? आमच्याकडे जवळजवळचे दोन-तीन दवाखाने मिळून महागडी औषधं ठेवतो, मुदत जवळ आली की ज्याच्याकडे वापर आहे त्याच्याकडे फिरवतो. तुमच्याकडे बाळांचा आयसीयू असलेलं मोठं रुग्णालय हे रोज वापरतं. मुदतीला चार महिने उरले की छोट्या दवाखान्याने त्यांना द्यावी, त्यांच्याकडून नवी घ्यावी. फेकायची वेळच येणार नाही.

औषधवाला
हे जमण्यासारखं आहे. कागदपत्रं बघावी लागतील, बॅच नंबर, बिलं. पण जमेल. ओळखीच्या दोघांशी बोलतो.

हापूसबाग
धागा कुठून कुठे गेला. मुचकुंदीताईंच्या प्लेटचं राहिलंच.

मुचकुंदी
मी वाचतेय सगळं! भाऊजींना तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले, आता ते स्वतःच येणाऱ्याला तिखल्याचं उदाहरण देतात. प्लेटचं सांगा ना. त्यांना या औषधाची ॲलर्जी आहे असं समजायचं का?

भुलीचा_डॉक्टर
ॲलर्जी नाही. औषध रक्तात प्रमाणापेक्षा जास्त गेलं, इतकंच. दात काढताना किंवा जखम शिवताना बधिर करायला हरकत नाही, फक्त आधी सांगायचं. ॲलर्जी म्हणून लिहून ठेवलंत तर पुढे प्रत्येक जण घाबरून पूर्ण भूलच देईल आणि तिचेही धोके असतात.

प्लेट काढायची वेळ आली तर भूलतज्ज्ञाला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भेटा, टेबलावर नव्हे. कोणतं औषध, किती मिली, किती वेळाने त्रास सुरू झाला, लिपिड किती दिलं, हे सगळं त्या दवाखान्याच्या कागदात असतं. त्याची झेरॉक्स आताच मागून घ्या, दोन वर्षांनी सापडत नाही. मग त्यांना सरळ विचारा, सोनोग्राफी लावून देणार का, आणि लिपिडची बाटली याच खोलीत आहे का. चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही.

मुचकुंदी
झेरॉक्स उद्याच आणायला सांगते. सगळ्यांचे आभार. सासूबाईंना अंड्याचं अजून सांगितलेलं नाही.

कुडाळचो_झील
आजीक सांगलंय. म्हणता, "तुमच्या डॉक्टरांका काय समाजता?" पण तेलाची बाटली तिणा वर फळयेर ठेवल्यान हा.